मनोरचा आहेवे

रामनाथ सावे यांनी सुनेच्या पीएच.डी.ला हातभार लावायचं ठरवलं, तेव्हा ती पीएच.डी. जवळजवळ पूर्ण होत आली होती. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं ते काही उगाच नाही.

झालं असं, की पेपरात एक लेख आला. मानव्यविद्येचं संशोधन करणारी मुलं एकटी पडतात, खचतात, अर्ध्यावर सोडून देतात. त्यांना घरच्यांचं पाठबळ हवं, असं त्यात लिहिलं होतं. लेख वाचून रामनाथरावांनी चष्मा काढला आणि स्वयंपाकघरात वांगं चिरणाऱ्या मेघालीकडे बघितलं. ती गुणगुणत होती. "खचलीय बिचारी," ते पत्नीला, सुलूताईंना म्हणाले. "दाखवत नाही, एवढंच."

"ती मजेत आहे," सुलूताई म्हणाल्या. "तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका."

पण पाठबळ द्यायचंच म्हटल्यावर माणूस थांबतोय थोडाच! शिवाय विषय भाषेचा होता. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात रामनाथराव सुरक्षा विभागात होते आणि तिथल्या सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या. 'येथे धूम्रपान करण्यास सक्त मनाई आहे.' 'विनापरवाना प्रवेश करू नये.' एका पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडेल तर शपथ. निवृत्त झाल्यावरही पालघरच्या बाजारातून जाताना त्यांच्या खिशात मार्कर असायचा. 'ताजि मासळी' दिसलं की ते मालकाची नजर चुकवून वेलांटी फिरवत.

मेघाली माहेरची संगमनेरची. कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची, आणि तिचा प्रबंध होता 'चिंचणी-तारापूर किनाऱ्याच्या बोलीतील नकार' या विषयावर. म्हणजे इथली माणसं 'नाही' कसं म्हणतात. सोसायटीत हे कुणालाच पटलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे हार्डवेअरवाले धीरजभाई म्हणाले होते, "नाही म्हणायला सहा वर्षं? माझी बायको एका सेकंदात म्हणते." प्रबंधाला गाईड असतो हे ऐकल्यावर तर त्यांनी सांगितलं होतं, की गाईड स्टेशनजवळच्या पुस्तकांच्या दुकानात मिळतं आणि त्यात उत्तरंसुद्धा असतात.

मेघालीचे गाईड मात्र हाडामांसाचे होते, डॉ. विनायक टिल्लू. तिसरी मुदतवाढ महिनाअखेरीला संपत होती आणि चौथी देत नाहीत. प्रबंध वेळेत गेला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात, आणि कॉलेजात निघणार असलेली कायम जागाही हातची जाणार. अशा वेळी पूर्वसादरीकरणाला टिल्लू सरांनी बोट ठेवलं ते नेमकं दुखऱ्या जागेवर.

"सगळं उत्तम आहे, मेघाली. पण नकारावर प्रबंध, आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही माणूस तोंडावर 'नाय' म्हणत नाही?"

खरंच होतं ते. एरवी बोलण्यात 'नाय' पैशाला पासरी. मासळी नाय, लाइट नाय, मुलगा फोन करत नाय. पण कुणी काही मागितलं की ही माणसं म्हणणार 'बगू', 'येल तवा येल', 'आता काय सांगू तुमाला'. सरळ 'नाय' नाहीच. बोलीत तो आहे तर कुठे दडलाय, हा प्रश्न मेघालीला खाऊ लागला. जेवताना ती एकदम घास हातात धरून थांबायची. रामनाथरावांनी ते हेरलं. पाठबळाची घटका भरली होती.

सल्ल्यासाठी ते धीरजभाईंकडे गेले. धीरजभाई म्हणाले, "सोपं आहे, सावेसाहेब. माणूस देणारच नाही अशी वस्तू मागायची. झक मारत नाही म्हणेल."

रामनाथरावांना हे एकदम शास्त्रीय वाटलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खिशात मेघालीकडून रेकॉर्डिंग शिकून घेतलेला मोबाइल, असे ते स्कूटरवरून चिंचणीच्या बाजूला निघाले. मेघालीला वाटलं, चला, बाबांना तेवढाच विरंगुळा. शैलेश, म्हणजे तिचा नवरा, पहिल्या पाळीला जाता जाता म्हणाला, "मी यात नाही." घरातला तेवढा एकच शहाणा.

वाडीवाडीतून रामनाथराव हिंडले. एका बाईंकडे त्यांनी चक्क पाटा-वरवंटा मागितला. बाई क्षणभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "न्या की. आमी मिक्सरच वापरतो." एका घरी त्यांनी चिकू काढायची जाळीची लांब काठी मागितली, तीही ऐन हंगामात. मिळाली. आता आली का पंचाईत! माणसं नकार देईनात, आणि मागितलेली वस्तू 'नको, मी सहज विचारलं' म्हणून परत ठेवणं रामनाथरावांच्या सभ्यतेत बसेना.

शेवटी ते बळवंताच्या वाडीवर पोचले. बळवंत आणि ते सातवीपर्यंत एका बाकावर बसलेले. पुढे रामनाथराव बोईसरला गेले, पाटीवाले झाले, आणि चाळीस वर्षांत भेट झाली ती लग्नाकार्यात, तीही लांबून हात हलवण्यापुरती. बळवंताने बूट बघितले, इस्त्री बघितली आणि आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून पंचाने पुसली.

अंगणात एक कोंबडा फिरत होता. काय रुबाब! लालभडक तुरा, हिरवट काळी शेपूट. अख्ख्या गावात त्याच्या तोडीचा नव्हता आणि ते त्यालाही ठाऊक असावं. असला कोंबडा कुणी देतो होय? रामनाथरावांनी खिशातला मोबाइल चालू केला, घसा खाकरला आणि म्हणाले, "बळवंतराव, आपण मला हा कोंबडा देऊ शकाल काय?"

बळवंताचा चेहरा पडला. त्याने एकदा कोंबड्याकडे पाहिलं, एकदा दाराआडून बघणाऱ्या बायकोकडे. ती हळूच 'बगू' म्हणाली. मग बळवंत उठला, कोंबडा धरला, त्याचे पाय बांधले आणि म्हणाला, "न्या, साहेब. तुमच्यापेक्षा का कोंबडा मोठा हाय?"

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर पाटा-वरवंटा, चिकूची काठी आणि कोंबडा दाखल झाले. काठी जिन्यात वळेना, म्हणून ती गच्चीवरून दोरीने घ्यावी लागली. सुलूताई दारातच उभ्या होत्या.

"नाही आणायला गेला होतात ना?"

"मिळालं नाही," रामनाथराव पडेल आवाजात म्हणाले.

कोंबड्याने मुक्काम बाल्कनीत ठोकला आणि सोसायटीला पहाटे उठवण्याचं काम अंगावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींची नोटीस लागली: 'इमारतित कोबंडा पाळु नये.' रामनाथराव फार दुखावले. कुठल्याही स्वाभिमानी माणसाने ती नोटीस टराटरा फाडली असती. त्यांनी खिशातून मार्कर काढला, 'इमारतीत'ची वेलांटी दीर्घ केली, अनुस्वार 'को'च्या डोक्यावर नेला, 'पाळू' नीट केलं, आणि मगच ते अपमान झाल्यासारखे वर आले. कोंबडा गच्चीवर गेला.

मेघाली चिडली नाही. उलट तिला हसू आवरेना. पण हातात दिवस थोडे होते, आणि सासऱ्यांना गावोगाव मोकळं सोडणं आता परवडणारं नव्हतं. म्हणून तिने त्यांना एक बिनधोक काम दिलं. "बाबा, मी कॉलेजला जाऊन येते. प्रबंधाची फाइल उघडून ठेवलीय, पानांचे आकडे तेवढे बघाल? बाकी कशाला हात लावू नका."

बिनधोक काम! ज्या माणसाला नोटिशीतला अनुस्वार सोडवला नाही त्याच्यासमोर तिने साडेतीनशे पानं उघडून ठेवली.

आकडे बघत रामनाथराव परिशिष्टापर्यंत आले, आणि त्यांचे डोळे विस्फारले. अरे देवा! पानंच्या पानं चुकांनी बुजबुजलेली. 'आमी गेलो तवा भरती नाय.' 'तुमी हाय म्हनून सांगतो.' विद्यापीठात जाणारा प्रबंध आणि हे असं? पोरगी कामाच्या घाईत लिहीत गेली असणार, दुसरं काय! ही गोष्ट बाहेर फुटली तर सावे घराण्याची अब्रू जाईल, असं त्यांच्या मनात आलं. एकेक चूक सुधारायला आठवडा लागला असता. पण कारखान्यात शेवटच्या वर्षी त्यांना संगणक शिकवला होता, आणि त्यातलं एकच कसब त्यांच्या लक्षात राहिलं होतं: एक शब्द शोधायचा, दुसरा सांगायचा, आणि सगळीकडे एकदम बदलून टाकायचा. त्यांनी 'नाय'चं 'नाही' केलं. 'हाय'चं 'आहे' केलं. 'आमी'चं 'आम्ही', 'तुमी'चं 'तुम्ही', 'तवा'चं 'तेव्हा', आणि असंच दिसेल तेवढं सगळं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच किनारा शुद्ध झाला. मग त्यांनी फाइल जतन केली, शेजारी पडलेल्या 'प्रबंध जुना', 'प्रबंध अगदी जुना' आणि 'परिशिष्ट हेच खरं' अशा पसाऱ्याच्या फायली काढून टाकल्या, संगणकाची कचरापेटीही रिकामी केली. घरात कचरा साठू न देणं ही त्यांची जुनी सवय.

स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सवाल्या मिथुनने पहिली प्रत छापली आणि तोच म्हणाला, "मॅडम, हे डॉक्टर विनाहीक टिल्लू म्हणजे कुठले?"

मेघालीने पान हातात घेतलं. मार्गदर्शक: डॉ. विनाहीक टिल्लू. खाली तिचं स्वतःचं नाव, आणि त्याखाली 'सआहेक प्राध्यापक, तासिका तत्त्वावर'. तिने भराभर पानं उलटली. ऋणनिर्देशात नाहीब तहसीलदारांचे आभार होते. कोळी नाहीलॉनची जाळी वापरत होते. मुलं आहेस्कूलला जात होती, आणि चिंचणीची एक म्हातारी सांगत होती, की माझा भाऊ मनोरच्या आहेवेवर टपरी चालवतो. पण हे काहीच नव्हतं. परिशिष्टातली झाडून सगळी माणसं, कोळणी, वाडीवाले, म्हाताऱ्या, एका स्वरात आकाशवाणीवरच्या बातम्या देत होती.

विनाहीक आणि आहेवे परत जागेवर आणता आले असते. पण म्हातारी 'नाय' म्हणाली होती कुठे, आणि मेघालीने प्रश्न विचारताना 'नाही' म्हटलं होतं कुठे, हे आता कुणाला कळणार? सगळं एकाच पाण्यात धुऊन निघालेलं. टिल्लू सरांकडे प्रकरणं होती, परिशिष्ट नव्हतं. रेकॉर्डिंगं तेवढी शाबूत होती, पण ती एकटीने पुन्हा उतरवायला मुदतीला चारच दिवस उरले होते.

ती घरी आली आणि ते पान टेबलावर ठेवून नुसती बसून राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. रामनाथरावांनी पान वाचलं. विनाहीक वाचताना त्यांचे कान तापले.

"यंत्राची चूक दिसते," ते म्हणाले. मग मेघालीचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "पण परिशिष्टातलं अशुद्ध होतं ना? ते तर शुद्ध झालं."

"बाबा," मेघाली शांतपणे म्हणाली, "सहा वर्षं मी तेच गोळा करत होते."

रामनाथरावांना चूक कळली. आणि माणसाला स्वतःची चूक कळली की त्याचा आवाज चढतो, तसा त्यांचा चढला. शिकलेल्या मुलींनी हे असलं बोलणं गोळा करावं का, आमच्या वेळी मास्तर छडी मारत, वगैरे वगैरे. सुलूताई आतून आल्या. त्या तारापूरच्या, आणि एकदा भडकल्या की पालघरचं मराठी दाराबाहेर चपलांपाशी ठेवत.

"अशुद्ध? तुमची आय कशी बोलत होती? तिला सांगितलं होतं का कदी, आय तू अशुद्ध हाय म्हनून?"

"माज्या आयचं नाव मदी आनू नको!"

"आननार! पोरीचा सत्यानास केला. आता बसा, ती रेकॉर्डिंगं ऐका आनि एकेक शब्द परत सांगा तिला!"

"नाय बसनार!"

"बसाल!"

"नाय! नाय म्हनजे नाय!"

रामनाथराव स्वतःच दचकून उभे राहिले. कारखान्यात रुजू झाले त्या पहिल्या आठवड्यात ते लाउडस्पीकरवरून 'चावी कोनाकडे हाय?' असं बोलून गेले होते, आणि बाहेरून आलेले साहेबलोक महिनाभर त्यांना 'हाय-हाय सावे' म्हणत होते. तेव्हापासून हा आवाज त्यांनी असा काही पुरून टाकला होता, की पोटच्या शैलेशलासुद्धा तो माहीत नव्हता.

मेघाली खुर्चीतून उठली होती. तिचे डोळे चमकत होते. "बाबा, हेच! हाच तो सरळ 'नाय'! मला सहा वर्षांत एकानेही दिला नाही, आणि तुम्ही आईंना एका दमात तीन दिलेत. का?"

"ती घरची आहे म्हणून," रामनाथराव पुटपुटले. "परक्याला कुणी असं तोडून बोलतं का?"

बोलून गेले आणि त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मेघाली तर तोवर कागद ओढून लिहायलाही लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बसले. मेघाली रेकॉर्डिंग लावायची, रामनाथराव कानाला हात लावून ऐकायचे आणि जसंच्या तसं बोलून दाखवायचे; ती टाइप करायची. सुरुवातीला त्यांची जीभ अडखळली. 'हाय' म्हणताना ते दाराकडे बघत, कुणी साहेब आलाय का म्हणून. दुपारपर्यंत मात्र गाडी अशी सुटली, की सुलूताई चहा घेऊन आल्या तर म्हणाले, "ठेव तिकडं. आमी कामात हाय." ऐकता ऐकता त्यांना गंमत वाटू लागली, मग नवल. "थांब, परत लाव. ही बघ 'बगू' म्हणते, पण शेवटी आवाज खाली आला. म्हणजे देणार नाही. आणि हा 'बगू' वर गेला, म्हणजे उद्या येऊन विचारा." मेघालीने सहा वर्षं जे कानांनी शोधलं होतं ते हा माणूस जन्मापासून खिशात घेऊन हिंडत होता, आणि त्याच खिशात मार्कर ठेवत होता.

तिसऱ्या दिवशी ते त्यांच्याच मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगपाशी आले. त्यात एक करडा आवाज म्हणत होता, "बळवंतराव, आपण मला हा कोंबडा देऊ शकाल काय?"

"हा कोण दीडशहाणा?" रामनाथराव म्हणाले. मग त्यांनी आवाज ओळखला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये बळवंताची बायको हळूच 'बगू' म्हणाली. आवाज शेवटी खाली आला होता.

"मेघाली," ते म्हणाले, "मी जरा जाऊन येतो. तो कोंबडा परत करायला हवा."

"उद्या प्रबंध द्यायचाय, बाबा."

"म्हणूनच."

ते घरातल्या लेंग्यावरच निघाले. पायात स्लिपर, स्कूटरच्या पुढ्यात टोपलीत कोंबडा. तो वाटेत दोनदा आरवला, आणि सिग्नलला उभ्या रिक्षावाल्याने "चाचा, हॉर्न अच्छा है" अशी दाद दिली. एरवी रामनाथरावांनी त्याला चार शब्द सुनावले असते. आज ते बळवंतासमोर काय बोलायचं तेच जुळवत होते. आयुष्यभर पाट्या रंगवलेल्या माणसाला कोऱ्या भिंतीसमोर उभं करावं तसं त्यांना होत होतं.

बळवंत झाडांना पाणी लावत होता. त्याने वर बघितलं आणि हात पुसत खुर्ची आणायला वळला.

"खुर्ची नको, बळवंता," रामनाथराव म्हणाले. आवाज थोडा कापला, पण आला. "तुजा कोंबडा आनलाय. तिकडं करमत नाय त्याला."

बळवंत थांबला. त्याने लेंगा बघितला, स्लिपर बघितल्या. मग बांधावरची माती हाताने झटकली आणि दोघांपुरती जागा केली. दोघं बसले. कोंबडा सोडला तसा तो थेट अंगणात गेला आणि सगळ्या कोंबड्यांना ओरडला. बळवंत त्याच्याकडे बघत होता, लेक सासरहून आल्यावर बाप बघतो तसा. रामनाथरावांनी एक हात खिशात घातला.

"बळवंता," ते म्हणाले, "मी काय म्हनतो, हा कोंबडा ऱ्हाऊ दे ना माज्याकडं."

"नाय."

असं आलं ते. सरळ, कोरडं, मागे-पुढे काही न लावता. वर बळवंताने भुवया चढवल्या. "परवा साहेब आला होता, मागितला, दिला. साहेबाला काय सांगनार? पन तुला कशाला देऊ रं, रामन्या? शानाच हायेस!"

रामन्या! ते नाव ऐकून किती वर्षं झाली होती. चाळीस वर्षांत इतकी मोठी मानाची गोष्ट त्यांना कुणी दिली नव्हती, निरोप समारंभातल्या शाल-नारळासकट. डोळे पुसता पुसता त्यांनी घाईघाईने खिशातून मोबाइल काढला. चालू आहे की नाही तेच दिसेना. सगळं धूसर झालं होतं.

"बळवंता," ते म्हणाले, "परत एकदा म्हन ना."

"नाय," बळवंत म्हणाला.